कोराटला मुक्काम करावा का? फिमाय आणि फनोम रुंग बघायला निघालेल्यांसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बँकॉकला आठवडाभर आहात, मधले तीन दिवस मोकळे आहेत, फिमाय आणि फनोम रुंग ही दोन जुनी ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या जुन्या साम्राज्यातली, मंदिरं बघायचीत, तर त्यासाठी कोराट या त्या बाजूच्या शहरात जाऊन राहावं की बँकॉकहूनच गाडी करून एका दिवसात दोन्ही करावं. सोबत आई-बाबा, बाबांचे गुडघे दुखतात, आई कांदा-लसूणही न खाणारी शाकाहारी, मुलगा सहावीत. आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की कोराट शहरात बघण्यासारखं काही नाही.

मी बरीच वर्षं मराठी मंडळींचे छोटे ग्रुप घेऊन थायलंडच्या ईशान्य भागात, म्हणजे इसानमध्ये जातोय, त्यामुळे आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. "कोराटमध्ये बघायला काय आहे" हा इथला खरा प्रश्न नाहीच. खरा प्रश्न आहे की तुम्ही त्या दोन मंदिरांपाशी कुठल्या वेळेला आणि किती दमलेल्या अवस्थेत पोचणार. बाकी सगळं त्यावरून ठरतं, कोराटचा मुक्कामसुद्धा.

हिशोब बघा. बँकॉक ते कोराट साधारण 260 किमी. कोराटपासून फिमाय 60 किमी ईशान्येला, आणि फनोम रुंग साधारण 120 किमी, शेजारच्या बुरीराम प्रांतात. म्हणजे बँकॉकहून एका दिवसात दोन्ही करायचं तर येऊन-जाऊन आठशे किमीच्या आसपास गाडीत बसणं झालं. रस्ते चांगले आहेत, गाडी नेणारे लोकही मिळतात, पण पहाटे निघूनसुद्धा तुम्ही पहिल्या मंदिराला दहा-अकराला पोचणार आणि दुसऱ्याला भर दुपारी दोनच्या उन्हात, तेही बाबांचे गुडघे सहा तास गाडीत आखडल्यावर. त्या उन्हात दगड इतका तापतो की माणूस शिल्प बघत नाही, सावली शोधतो. म्हणून माझं उत्तर सरळ आहे, एका दिवसात करू नका, कोराटला दोन रात्री राहा.

आता क्रम. माझ्या मते पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कोराट आणि संध्याकाळी फक्त शहर, दुसऱ्या दिवशी पहाटे निघून फनोम रुंग आणि त्याच्या पायथ्याचं मुआंग ताम, तिसऱ्या दिवशी हॉटेल सोडून सकाळी फिमाय आणि तिथूनच बँकॉक. बरेच जण फिमाय आधी करतात कारण ते जवळ आहे आणि इतिहासातही जरा आधीचं आहे. ते चूक नाही. पण फनोम रुंगचं तोंड पूर्वेला आहे आणि त्याचं सगळ्यात महत्त्वाचं शिल्प त्याच पूर्वेच्या दारावर आहे, त्यामुळे तिथे सकाळचा उजेड लागतोच, दुपारनंतर ती बाजू सावलीत जाते. फिमायचं तसं नाही, ते दक्षिणेला, जरासं पूर्वेकडे झुकून उभं आहे, समोरची बाजू दिवसातला बराच वेळ उजेडात असते. शिवाय फनोम रुंगचा दिवस लांबचा आहे, तो मधे टाकला की दोन्ही बाजूंनी हलका दिवस मिळतो, म्हाताऱ्या माणसांना याचा फार फरक पडतो.

फनोम रुंगबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण या भागात एकच जागा बघायची असेल तर मी हीच सांगेन. विझलेल्या ज्वालामुखीच्या डोंगरावर हे शिवमंदिर आहे. मुख्य मंदिर बाराव्या शतकातलं, आणि ते नरेंद्रादित्य नावाच्या इथल्या सरदाराशी जोडलं जातं, जो अंगकोर वाट बांधणाऱ्या दुसऱ्या सूर्यवर्मनच्या नात्यातला होता. पूर्वेकडून आलात की आधी 160 मीटरचा फरसबंदी रस्ता, दोन्ही बाजूंना कमळाच्या कळीसारखे माथे असलेले दगडी खांब, मग पाच फण्यांच्या नागांचा कठडा असलेला पूल, मग टप्प्याटप्प्याने वर जाणाऱ्या पायऱ्या. मुळात माणसाने हळूहळू वर चढत देवाजवळ जावं अशीच ती रचना आहे, त्यामुळे ज्यांना जमतं त्यांनी इथूनच चढावं. बाबांना मात्र ड्रायव्हरला सांगून पश्चिमेच्या, वरच्या पार्किंगला उतरवा, तिथून मंदिर जवळ पडतं आणि तो मोठा जिना टळतो. तुम्ही आणि मुलगा पूर्वेकडून या, वर भेटा. फक्त मंदिराच्या आतल्या दारांचे दगडी उंबरे चांगलेच उंच आहेत, तिथे बाबांना हाताला धरून न्यावं लागेल, काठी असेल तर घेऊन या.

त्या पूर्वेच्या दारावर, वर नटराज आणि त्याच्या खालच्या पट्टीवर शेषशायी विष्णू आहे, नाभीतून निघालेल्या कमळावर ब्रह्मदेव, पायाशी लक्ष्मी. ही खालची पट्टी 1960 च्या दशकात इथून चोरीला गेली आणि पुढे अमेरिकेत शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये सापडली. ती परत मिळावी म्हणून थायलंडमध्ये मोठी चळवळ झाली, सामान्य लोक त्यात उतरले, आणि 1988 मध्ये ती परत आली. इकडे 1971 पासून मंदिराची दुरुस्ती चालू होती, ढासळलेला एकेक दगड उतरवून, त्याची जागा ठरवून, पुन्हा रचत, आणि त्याच 1988 साली हे स्थळ लोकांसाठी रीतसर खुलं झालं. मुलाला ही गोष्ट शिल्पासमोर उभं करून सांगा, नुसतं "हा विष्णू" म्हणून पुढे जाऊ नका.

आत गेलात की नंदी आहे, पुढे गाभाऱ्यात लिंग, आणि तिथून अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारं दगडी सोमसूत्र. तुम्ही नाशिकचे म्हणजे सिन्नरचा गोंदेश्वर बघितला असेलच, तो यादवांच्या काळातला. साधारण त्याच सुमाराची दोन शिवमंदिरं, एक आपल्याकडे आणि एक इतक्या लांब, नंदी, लिंग, सोमसूत्र तेच, पण शिखर, दारं, नाग सगळं वेगळं. आमच्या ग्रुपमधली आजी-आजोबा मंडळी इथे आपोआप हात जोडतात, आणि जोडावेतच, पण लक्षात ठेवा की ही आता पुरातत्त्व खात्याची जागा आहे, हळदकुंकू, तेल, दूध असलं काही दगडावर वाहू नका. रिकाम्या हाताने नमस्कार केला की झालं.

तुम्ही कुठेतरी वाचलं असेल की फनोम रुंगच्या पंधरा दारांतून सूर्य आरपार दिसतो. खरं आहे, एप्रिलच्या सुरुवातीला आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास उगवताना, मार्चच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मावळताना. पण त्या दिवसांत तुफान गर्दी असते, ढग आले तर काहीच दिसत नाही, आणि आई-बाबांना घेऊन पहाटेच्या अंधारात त्या गर्दीत उभं राहणं मला योग्य वाटत नाही. तारखा योगायोगाने जुळल्या तर ठीक, मुद्दाम जुळवू नका.

तिथून उतरून आठेक किमीवर मुआंग ताम. याला लोक वगळतात, कृपया वगळू नका, आणि बाबांसाठी तर हे फनोम रुंगहून सोपं आहे कारण सगळं सपाटीवर आहे. चार कोपऱ्यांत काटकोनात वळलेली चार तळी, त्यांच्या काठाने अखंड नागाची दगडी वेलांटी, तळ्यात कमळं. या नागांच्या डोक्यावर मुकुट नाहीत, गुळगुळीत डोकी आहेत, ही जुनी, अकराव्या शतकातली शैली. विटांचे पाच बुरुज होते, मधला मुख्य पडला, चार उरलेत, आणि एका दारावर नंदीवर बसलेले शंकर-पार्वती आहेत, आईंना नक्की दाखवा. गावाच्या बाजूला एक किलोमीटरहून लांब असा जुना तलाव आहे, ख्मेर लोक मंदिरासोबत पाण्याची सोय कशी करायचे ते तिथे कळतं. गर्दी जवळपास नसतेच. मी ग्रुपला इथे निवांत बसू देतो, घाई करत नाही.

या सगळ्या जागा एका ओळीत का आहेत, हेही मुलाला सांगा. ख्मेर राजधानी अंगकोरहून फिमायला जाणारा मोठा राजरस्ता इथून जायचा. बाराव्या शतकाच्या शेवटी ख्मेर राजा सातव्या जयवर्मनने त्या रस्त्यावर ठरावीक अंतरावर विश्रामगृहं उभारली, त्याच्या शिलालेखात या वाटेवर 17 असल्याचा उल्लेख आहे, आणि राज्यभरात 102 रुग्णालयं. रुग्णालयं लाकडाची होती ती गेली, पण त्यांची छोटी दगडी देवळं शिल्लक आहेत, फनोम रुंगच्या पायथ्याशी एक, मुआंग तामजवळ एक, फिमायलाही एक, इथले लोक त्यांना कुटी रूसी म्हणतात. पाच मिनिटांचं काम आहे, गाडी थांबवून बघा. एकदा हा रस्ता डोक्यात बसला की सुटी सुटी देवळं न वाटता सगळा प्रदेश जोडलेला दिसतो, आणि म्हणूनच मी फिमाय शेवटी ठेवतो, रस्त्याचं शेवटचं ठिकाण म्हणून.

फिमाय गावाच्या मधोमध आहे, चढ नाही, आवार मोठं आणि मोकळं, सावलीला झाडं आहेत. इथली गंमत ही की हे मुळात महायान बौद्ध मंदिर, आत गाभाऱ्याच्या दारांवर बुद्ध आणि बौद्ध देवता, आणि बाहेरच्या दारांवर मात्र रामायण आणि शंकर. दक्षिणेच्या दारावर नटराज. एका पट्टीवर इंद्रजिताने नागपाशात बांधलेले राम-लक्ष्मण आणि भोवती रडणारी वानरं, दुसरीकडे सेतू बांधणारी वानरसेना. सहावीतल्या मुलाला फक्त एवढं सांगा की तुला माहीत असलेले प्रसंग शोध, मग बघा तो किती वेळ रमतो, माझ्या ग्रुपमधली मुलं मोठ्यांच्या आधी शोधतात. इथे 1108 सालचा उल्लेख असलेला शिलालेख आहे, म्हणजे हे अंगकोर वाटच्या आधीचं, आणि 28 मीटर उंचीचं पांढऱ्या वालुकाश्मातलं हे शिखर ज्या तऱ्हेने वर निमुळतं होत जातं तोच आकार पुढे अंगकोर वाटच्या शिखरांत दिसतो असं अभ्यासक मानतात. बहुतेक ख्मेर मंदिरं पूर्वाभिमुख असतात, हे दक्षिणेकडे का, तर अंगकोरहून येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून, असं सहसा सांगितलं जातं.

आवारातल्या जांभ्या दगडाच्या छोट्या बुरुजात सातव्या जयवर्मनचा बसलेला पुतळा आहे, ती प्रतिकृती, मूळ पुतळा फिमायच्याच राष्ट्रीय संग्रहालयात आहे, मून नदीजवळ. डोळे मिटलेला, अगदी शांत चेहरा. संग्रहालय आवर्जून करा, पण थायलंडची राष्ट्रीय संग्रहालयं बहुतेक ठिकाणी सोमवार-मंगळवार बंद असतात, तुमचा तिसरा दिवस त्यात येत असेल तर आधी बघून घ्या. त्यानंतर दोन किमीवर साय न्गाम, एकाच वडाच्या पारंब्यांतून पसरलेलं मोठं झाडांचं बेट, पाण्याच्या काठी, जेवायला आणि बसायला चांगली सावली. गाडीत बसायच्या आधी आई-बाबांना तिथे तासभर आराम मिळतो.

आता कोराट शहर. नाव नाखोन रात्चासिमा, पण सगळे कोराटच म्हणतात. हे मोठं, कामाचं, गजबजलेलं शहर आहे, पर्यटकांसाठी सजवलेलं नाही, त्यामुळे "काही नाही" असं वाटणं साहजिक आहे. पण एक संध्याकाळ इथे फार चांगली जाते. सतराव्या शतकात नाराय राजाच्या काळात आखलेलं चौकोनी शहर, भोवती खंदक, तो अजून पाण्याने भरलेला आहे. मूळ वेशींपैकी चुम्फोन वेस तेवढी उरलीय आणि तिच्यासमोर थाओ सुरनारीचा पुतळा, लोक प्रेमाने या मो म्हणतात, म्हणजे मो आजी. 1826 मध्ये लाओसमधल्या व्हिएंतियानच्या अनुवोंग राजाने कोराट घेतलं तेव्हा उपसुभेदाराच्या या बायकोने कैद करून नेल्या जाणाऱ्या लोकांना उठवलं, शत्रूच्या सैनिकांना दारू पाजून मग हल्ला केला अशी कथा आहे. कथेतलं किती घडलं यावर इतिहासकारांत वाद आहेत. पुतळा 1934 चा, शिल्पकार कोर्रादो फेरोची नावाचे इटालियन, जे थायलंडमध्ये सिल्प भीरस्री म्हणून ओळखले जातात. त्याच्या आदल्याच वर्षी, 1933 ला, कोराटमधूनच सरकारविरुद्ध बंड झालं होतं, ते लक्षात ठेवून या पुतळ्याकडे बघितलं की कोराटची निष्ठा दाखवण्यासाठीही तो उभारला असेल, असा अजून एक अर्थ लागतो.

मला स्वतःला इथलं आवडतं ते संध्याकाळचं वातावरण. लोक फुलं-उदबत्त्या घेऊन येतात, नवस बोलतात, आणि नवस फेडायला कोराटची लोकगीतं गाऊन घेतात, त्यासाठी गाणारे कलाकार तिथे जवळच बसलेले असतात. आपल्याकडे जागरण-गोंधळ घालतात त्याच भावनेने. भाषा न कळताही आई तिथे रमतील. मार्चच्या शेवटी, 23 तारखेपासून, या मोची जत्रा असते, तेव्हा हॉटेलं आधी बुक करा. वेळ उरला तर वाट साला लोय बघा, या मोने बांधवलेलं देऊळ, आताची मुख्य इमारत नावेच्या आकाराची. दान क्वियन हे कुंभारांचं गाव शहरापासून पंधरा किमीवर आहे, मून नदीकाठच्या लोहयुक्त मातीमुळे तिथली भांडी भाजल्यावर गडद तांबूस होतात. खरेदीची हौस असेल तरच, आणि विमानात फुटणार नाही एवढंच घ्या.

इथपर्यंत सगळं मी ठामपणे सांगितलं, पण काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत. पहिली म्हणजे सीमा. बुरीरामची दक्षिण हद्द कंबोडियाला लागते, आणि 2025 मध्ये जुलैला आणि पुन्हा डिसेंबरला थायलंड-कंबोडिया सीमेवर लढाई झाली. निघायच्या आठवड्यात भारतीय दूतावासाच्या सूचना बघायच्याच, ड्रायव्हरलाही विचारायचं. अगदी सीमेवरची ता मुएन थोम वगैरे मंदिरं कितीही शांत वातावरण असलं तरी आई-बाबांना घेऊन करू नका. आणि बुरीरामला जाऊ नका अशी सूचना असेल तर फनोम रुंगचा दिवस सोडा, त्याऐवजी कोराटच्या पश्चिमेला सुंग नोएन भागात जा, तिथे मुआंग सेमा हे द्वारवती काळातलं, म्हणजे ख्मेर मंदिरांच्याही आधीचं, जुनं नगर आणि वालुकाश्मातला मोठा निद्रिस्त बुद्ध आहे, परतताना शहराजवळचं प्रासात फनोम वान. फनोम रुंगची बरोबरी नाही होणार, पण दिवस वायाही जाणार नाही.

दुसरी गोष्ट गाडी. फिमायला कोराटहून बस मिळते, एकटा माणूस आरामात जाईल. फनोम रुंगला मात्र बसने जायचं तर नांग रोंगच्या पुढे बान ताको फाट्यावर उतरून मोटरसायकल टॅक्सी करावी लागते, तुमच्या बाबतीत तो विषयच नको. ॲपवरची गाडी जाताना मिळेल, येताना डोंगरावर मिळणार नाही. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसासाठी ड्रायव्हरसकट गाडी ठरवा, मुक्कामाच्या हॉटेललाच सांगितलं की बहुतेक वेळा सोय होते, आणि ठरवतानाच मुआंग ताम, कुटी रूसी, साय न्गाम ही नावं थाई लिपीत लिहून त्याला दाखवा. पहिल्या दिवशी बँकॉकहून कोराटला जाताना ट्रेन घ्या, क्रुंग थेप अफिवाट स्टेशनवरून, चारेक तास लागतात, बसपेक्षा पाय मोकळे करता येतात, आणि साराबुरीच्या पुढे डोंगर आणि लाम ताखोंगचं धरण दिसतं. खिडकी मिळेल असं बघा.

तिसरी, खाणं. इसानमध्ये शाकाहारी म्हटलं तरी पदार्थात माशाचा सॉस पडतोच, कोराटच्या प्रसिद्ध फाद मी नूडल्समध्येही आणि पपईच्या सोम तामातही, त्यात सुकट असते ती वेगळीच. आईंसाठी सोपा उपाय म्हणजे "जे" हॉटेलं, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं, तिथे मांस-मासे-अंडं नसतंच, कांदा-लसूणही नसतो. कोराट शहरात अशी ठिकाणं मिळतात, टर्मिनल 21 मॉलच्या फूड कोर्टातही विचारा. पण फनोम रुंगच्या बाजूला काही मिळेल असं धरून चालू नका. त्या दिवसासाठी दशम्या, चटणी घरूनच आणलेली बरी, सोबत चिकट भात आणि फळं, ती सगळीकडे मिळतात आणि फार गोड असतात.

उरलेल्या दोन छोट्या गोष्टी. थायलंडला जाण्याआधी डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं, प्रत्येकाचं वेगवेगळं, आणि व्हिसाचे नियम बदलत असतात म्हणून तिकिटं काढण्याआधी दूतावासाच्या साइटवर ताजा नियम बघा. मंदिरांच्या तिकिटासाठी रोख बाट जवळ ठेवा.

तुम्ही महिना लिहिलेला नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असेल तर वरचा आराखडा जसाच्या तसा चालेल. मार्च ते मे असेल तर पारा चाळिशीला जातो, मग दुसऱ्या दिवशी कोराटहून पहाटे पाचला निघा, मुआंग ताम अकराच्या आत संपवा आणि दुपारी हॉटेलवर परत. फिमायलाही तसंच, दार उघडताना आत, संग्रहालय नंतर. जून ते ऑक्टोबर पावसाचा, पण तळी भरलेली असतात, छत्री आणि न घसरणाऱ्या चपला घ्या, कारण ओल्या वालुकाश्मावर बाबांना जपावं लागेल. महिना आणि बाबांना सलग किती पायऱ्या चढवतात ते कळवलंत तर वेळा अजून नेमक्या सांगतो.